परदेशात घर हलवताना: स्वतंत्र कंटेनर की सामायिक?

एका देशातून दुसऱ्या देशात बिऱ्हाड हलवायचे ठरले आणि सामान समुद्रमार्गे न्यायचे हेही नक्की झाले, की मूव्हर्सच्या अंदाजपत्रकात दोन पर्याय समोर येतात. पहिला म्हणजे वीस फुटी कंटेनर पूर्णपणे आपल्यासाठी, ज्याला या व्यवसायात एफसीएल म्हणतात. दुसरा म्हणजे अनोळखी कुटुंबांच्या सामानाबरोबर वाटून घेतलेली जागा, म्हणजेच एलसीएल किंवा ग्रुपेज. मी दोन्ही मार्गांनी घर हलवले आहे; आधी सामायिक कंटेनरने आणि त्यानंतरच्या स्थलांतरात स्वतंत्र कंटेनरने. ज्यांनी हवाई मार्गाचा किंवा सारे विकून टाकण्याचा विचार आधीच बाजूला ठेवला आहे आणि आता फक्त या दोघांपैकी एक निवडायचे आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

खर्चाचा हिशेब वाटतो तेवढा अवघड नाही. वीस फुटी कंटेनरच्या आत सुमारे ३३ घनमीटर जागा असते, पण घरगुती सामान वेड्यावाकड्या आकारांचे असल्यामुळे प्रत्यक्षात २५ ते २८ घनमीटरच भरते. सामायिक कंटेनरमध्ये दर घनमीटरवर आकारणी होते आणि बहुतेक कंपन्या किमान आकारमानाची अट घालतात. साधारणतः १३ ते १५ घनमीटरच्या आसपास दोन्ही पर्यायांचे खर्च एकमेकांना गाठतात, असे या व्यवसायातील लोक सांगतात. मार्गानुसार आणि हंगामानुसार तो बिंदू पुढेमागे सरकतो. दोन-तीन खोल्यांच्या घराचे सामान बऱ्याचदा नेमके याच टप्प्यात येते, आणि म्हणूनच निवड कठीण होते.

अंदाजपत्रकात न दिसणारा एक फरक मात्र येथेच सांगायला हवा. सामायिक कंटेनरचे अंतिम बिल पॅकिंगनंतर मोजलेल्या आकारमानावर निघते, आणि पॅकिंगनंतर सामान फुगते. खुर्चीचे पाय पुठ्ठ्यात गुंडाळले, काचेच्या कपाटाभोवती बबल रॅपचे थर चढले, की पाहणीच्या वेळी लिहिलेला आकडा मागे पडतो. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात प्रत्येक वस्तूकडे आकारमान म्हणूनच पाहिले जाते. मुलांचे अभ्यासाचे टेबल न्यावे की टाकावे, याचा निर्णय त्याच्या उपयोगावरून न होता त्याच्या घनफळावरून होतो. स्वतंत्र कंटेनरमध्ये ही घासाघीस राहत नाही. दार बंद होईपर्यंत जे बसेल ते जाते. उलट जागा बरीच रिकामी राहिली तर सामान पट्ट्यांनी नीट आवळून घ्यावे लागते, कारण समुद्रात जहाज हलते तेव्हा मोकळ्या जागेत खोकी सरकतात.

हाताळणीचा मुद्दा स्वतंत्र कंटेनरच्या बाजूने नेहमी मांडला जातो आणि तत्त्वतः तो खराही आहे. सामायिक मार्गात सामान घरातून ट्रकमध्ये, ट्रकमधून गोदामात, गोदामातून कंटेनरमध्ये, आणि पलीकडच्या बंदरावर हेच सारे उलट्या क्रमाने, असे अनेकदा उचलले आणि ठेवले जाते. काही मार्गांवर मधल्या एखाद्या बंदरात कंटेनर बदलला तर आणखी एक फेरी वाढते. स्वतंत्र कंटेनर घरासमोर भरला जातो, दाराला सील लागते, त्या सीलचा क्रमांक बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीने दिलेल्या माल-पावतीवर, लिहिला जातो, आणि कस्टम्सने मध्येच उघडला नाही तर नव्या घरासमोर आपल्या देखत तेच सील तोडले जाते. तरीही प्रामाणिकपणे सांगायचे तर फुटतुटीच्या बाबतीत मला दोन स्थलांतरांत फारसा फरक जाणवला नाही. सामायिक कंटेनरच्या वेळी आमचे सामान प्लायवूडच्या मोठ्या बंद पेट्यांमध्ये, ज्यांना लिफ्ट व्हॅन म्हणतात, घरीच भरले गेले होते, आणि त्या पेट्या थेट घरी पोहोचल्यावरच उघडल्या गेल्या. ही सोय मिळत असेल तर हाताळणीच्या भीतीपोटी सामायिक पर्याय नाकारू नये, असे मला वाटते.

मग माझा कल कशामुळे ठरला? वेळेमुळे, त्यातही किती वेळ लागला यापेक्षा तो वेळ कोणाच्या हातात होता, यामुळे.

समुद्र दोन्ही पर्यायांना सारखाच असतो. जहाज उशिरा सुटले, मधल्या बंदरात गर्दी झाली, किंवा २०२३ च्या अखेरीपासून अनेक जहाजांच्या बाबतीत झाले तसे तांबडा समुद्र टाळून केप ऑफ गुड होपला वळसा घालून जावे लागले, तर स्वतंत्र कंटेनरलाही तेवढाच उशीर होतो. फरक पडतो तो जमिनीवर, दोन्ही टोकांना. सामायिक कंटेनर निघतो तो पुरेसा भरल्यावर. आपले सामान गोदामात गेलेले असते, घर रिकामे झालेले असते, आपण विमानाने नव्या देशात पोहोचलेलोही असतो, आणि सामान अजून जुन्याच शहरात दुसऱ्या कोणाच्या तरी खोक्यांची वाट पाहत असते. एवढे मी गृहीत धरले होते आणि एजंटनेही ते आधी स्पष्ट सांगितले होते. पण पलीकडच्या बंदरावर जे झाले त्याची तयारी कोणीच करून ठेवू शकत नाही. कंटेनर जहाजातून उतरला आणि कस्टम्सने तो तपासणीसाठी बाजूला काढला. कारण आमच्या सामानात नव्हते. त्यात वाटेकरी असलेल्या दुसऱ्या कोणाच्या तरी सामानाबद्दल शंका होती, आणि ती मिटेपर्यंत कंटेनर उघडून आतले सामान वेगळे करता येणार नव्हते.

आमची सारी कागदपत्रे पूर्ण होती. पॅकिंग लिस्टमधला प्रत्येक खोका क्रमांकासह नोंदलेला होता, व्हिसाची प्रत, भाडेकरार, जुन्या देशातील वास्तव्याचा पुरावा, सारे वेळेत दिलेले होते. तरीही करण्यासारखे काहीच उरले नव्हते. ती शंका कोणाच्या सामानाबद्दल आहे, कशाबद्दल आहे, किती दिवसांत मिटेल, हे एजंटला माहीत असले तरी तो सांगू शकत नव्हता, कारण ती दुसऱ्या ग्राहकाची खासगी बाब होती. आणि त्याची ती अडचण मलाही मान्य होती. दर वेळी फोन केला की एकच उत्तर मिळे की तपासणी चालू आहे. स्वतःच्या कागदात त्रुटी असेल तर माणूस ती धावपळ करून भरून काढतो. येथे धावायला दिशाच नव्हती.

त्याच सुमारास आईवडील पहिल्यांदा आमच्याकडे राहायला येणार होते. त्यांची विमानाची तिकिटे काढलेली होती, व्हिसाची मुदत ठरलेली होती, वडिलांना गुडघ्याच्या त्रासामुळे जमिनीवर झोपता येत नव्हते, आणि पलंग बंदरावरच्या एका लोखंडी पेटीत होता. आम्ही पलंग भाड्याने आणला, हवा भरायच्या गाद्या घेतल्या, आणि स्वयंपाकाची मोजकी भांडी नव्याने विकत घेतली. त्यांनी तक्रारीचा एक शब्दही काढला नाही. पण आपली मुले परक्या देशात कशी राहतात हे त्यांनी डोळे भरून पाहावे, म्हणून आम्ही वर्षभर ज्या भेटीची वाट पाहिली होती, ती भेट अर्ध्या रिकाम्या खोल्यांत झाली आणि त्यांचा मुक्काम संपला तरी सामान आलेले नव्हते. सामायिक कंटेनरमुळे वाचलेल्या रकमेतील बराच भाग त्या तात्पुरत्या वस्तूंवर गेला, हा हिशेब तुलनेने लहान आहे. भेटीचा हिशेब मी अजून पैशांत मांडलेला नाही.

असे प्रत्येकाच्या बाबतीत होते, असा माझा दावा नाही. अनेकांचे सामायिक कंटेनर वेळेवर आणि विनातक्रार पोहोचतात, हे मी ओळखीच्या लोकांकडून ऐकले आहे. मात्र ही जोखीम योगायोगाची नाही, ती या व्यवस्थेच्या रचनेतच आहे, हे लक्षात घ्यावे. एका कंटेनरमध्ये जितके वाटेकरी, तितकी अडण्याची कारणे. एखाद्याच्या बागकामाच्या अवजारांना माती लागलेली असते, आणि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडसारखे देश जैवसुरक्षेबाबत अत्यंत काटेकोर आहेत. दुसऱ्याने सामान साध्या लाकडी खोक्यात भरलेले असते, ज्यावर आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार लाकडावर प्रक्रिया केल्याचा शिक्का नसतो. तिसऱ्याने यादीत न लिहिलेली औषधे ठेवलेली असतात.

यापेक्षाही टोकाचे उदाहरण म्हणजे ‘जनरल अ‍ॅव्हरेज’. जहाज आणि माल वाचवण्यासाठी संकटात मुद्दाम केलेला खर्च किंवा सोसलेले नुकसान सर्व मालधारकांनी प्रमाणात वाटून घ्यावे, असा हा जुना सागरी नियम आहे. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ हे कंटेनर जहाज अडकले, तेव्हा त्याच्या मालकांनी जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर केले आणि मालधारकांना हमी दिल्याशिवाय माल मिळणार नव्हता. अशा वेळी स्वतंत्र कंटेनर असेल तर आपल्या विमा कंपनीची हमी दाखल झाली की आपल्या बाजूचे काम संपते; सामायिक कंटेनर मात्र सर्व वाटेकऱ्यांच्या हमी आल्यावरच मोकळा होतो, आणि एखाद्याने विमाच काढलेला नसेल तर उरलेले सारे थांबतात. असा प्रसंग क्वचितच येतो. पण माझ्या अनुभवातील कस्टम्सची तपासणी आणि हा प्रसंग, दोन्हींचे मूळ एकच आहे.

स्वतंत्र कंटेनरचेही स्वतःचे जाच आहेत आणि ते झाकून ठेवणे योग्य होणार नाही. कंटेनर घेऊन येणारा ट्रेलर मोजक्या तासांसाठीच थांबतो, त्यानंतर ताशी आकार सुरू होतो. कंटेनरचा तळ जमिनीपासून बराच उंच असल्यामुळे उतरत्या फळीची (रॅम्पची) सोय लागते. गल्ली अरुंद असेल तर ट्रेलर दारापर्यंत येतच नाही, आणि मग लहान ट्रकने फेऱ्या मारताना घरासमोर सील लागण्याचा फायदाही निघून जातो. बंदरावर मोफत मिळणारे दिवस संपले की डेमरेज आणि रिकामा कंटेनर वेळेत परत गेला नाही तर डिटेन्शन, हे दोन्ही आकार दिवसागणिक वाढतात. कस्टम्सने तपासणी केली तर तिचा पूर्ण खर्च एकट्याच्या माथी येतो. माझ्या दुसऱ्या स्थलांतरात तपासणी झालीही, कारण एका विद्युत उपकरणाचे वर्णन यादीत पुरेसे स्पष्ट नव्हते. फरक इतकाच, की त्या दिवशी एजंटने मला नेमका प्रश्न सांगितला, मी खरेदीची पावती पाठवली, आणि प्रकरण पुढे सरकले. या एका अनुभवावरून सर्वसाधारण नियम काढता येणार नाही हे मला मान्य आहे, पण माझ्या मनातील पारडे तेथेच झुकले.

विम्याने या निवडीत फारसा फरक पडत नाही, म्हणून थोडक्यात. सागरी मालवाहतुकीच्या हेग-व्हिस्बी या आंतरराष्ट्रीय नियमांखाली जहाज कंपनीची भरपाईची मर्यादा किलोमागे २ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) किंवा नगामागे ६६६.६७ एसडीआर, यांपैकी जी जास्त असेल ती, इतकीच असते. तेव्हा दोन्ही पर्यायांत स्वतःचा विमा हवाच, आणि स्वतः भरलेल्या खोक्यांतील फुटतुटीला बहुतेक विमा योजना नकार देतात, हे आधी वाचून घ्यावे.

करसवलतीच्या मुदतीकडे मात्र नीट पाहावे. युरोपीय संघात राहायला जाणाऱ्यांना, बाहेर किमान १२ महिने राहिलेले असतील तर, किमान ६ महिने वापरलेले घरगुती सामान सर्वसाधारणपणे आयातशुल्काविना आणता येते, पण वास्तव्य सुरू झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत. इतर अनेक देशांतही अशाच अटी आहेत. ज्यांनी आधी एकट्याने जाऊन घर शोधायचे आणि सामान पुष्कळ नंतर मागवायचे ठरवले आहे, त्यांनी मुदतीच्या शेवटच्या टप्प्यात सामायिक कंटेनरवर अवलंबून राहू नये, असे मी आग्रहाने सुचवेन.

सामायिक कंटेनर कोणासाठी योग्य आहे, याबद्दल मला शंका नाही. एकट्याने जाणाऱ्या, सामान आठ-दहा घनमीटरच्या आत असलेल्या आणि सुरुवातीचे काही महिने फर्निचरसह सज्ज घरात राहणाऱ्या व्यक्तीला अर्धा रिकामा कंटेनर नेण्याचे कारण नाही. पुस्तके, हिवाळी कपडे, एखादे वडिलोपार्जित कपाट, एवढेच न्यायचे असेल तर ते उशिरा पोहोचल्याने दिनक्रम अडत नाही. मात्र लहान मुले बरोबर आहेत, शाळेची तारीख ठरलेली आहे, किंवा घरातील वडीलधारी माणसे भेटीला येणार आहेत, आणि सामान १२-१३ घनमीटरच्या पुढे जाते आहे, तर मी स्वतंत्र कंटेनर घेईन, तो पूर्ण भरत नसला तरीही. आमचा दुसऱ्या वेळचा कंटेनर पूर्ण भरला नव्हता.

तरीही ज्यांना सामायिकच घ्यायचा आहे, त्यांनी करारापूर्वी एजंटकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: कंटेनर भरला नाही तरी जास्तीत जास्त किती दिवसांनी तो रवाना होईल, सामान लिफ्ट व्हॅनमध्ये घरीच भरले जाईल का, आणि दुसऱ्या वाटेकऱ्यामुळे कंटेनर अडला तर त्या काळातील गोदामभाडे कोण सोसेल. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सहसा लगेच मिळतात. तिसऱ्याचे उत्तर लेखी मिळेपर्यंत सही करू नये.