सल्फाइट घालवणारे थेंब: ६ महिन्यांच्या वापरानंतर

वाइन टिकावी म्हणून तिच्यात घातलेलं सल्फाइट काढून टाकायला ग्लासात घालायचे हे थेंब. खोक्यावर तीन दावे आहेत: सल्फाइट १०० टक्के जातं, रसायन अजिबात नाही आणि सकाळी डोकं दुखत नाही. बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचली की दुसरा दावा तिथेच निकालात निघतो. आत आहे पाणी आणि ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड.

पहिला दावा अर्धा खरा. पेरॉक्साइड मोकळ्या, म्हणजे कशाशीही न बांधलेल्या सल्फर डायऑक्साइडचं (वाइनमधलं सल्फाइट याच रूपात मोजतात) सल्फेट करतं, तेही काही क्षणांत. १ मिलिग्रॅमला साधारण अर्धा मिलिग्रॅम पेरॉक्साइड लागतं. लिटरला ३० मिलिग्रॅम मोकळं धरलं, तर १५० मिलीच्या ग्लासात ४.५ मिलिग्रॅम झालं. त्याला २ थेंब पुरतात. पत्रकात सांगितलेत ६! उरलेलं पेरॉक्साइड मग वाइनवरच उठतं. व्हाइट वाइनमध्ये हे लगेच कळतं: फळाचा ताजेपणा जातो, कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास येतो. रेडमध्ये उलटी गंमत. सल्फाइट रंग फिका करत असतं, ते गेल्यावर रंग जरा गडद होतो आणि बघणाऱ्याला वाटतं, वाइन सुधारली.

ॲसिटाल्डिहाइडशी (अल्कोहोलपासून बनणारं एक संयुग) घट्ट बांधलेलं सल्फाइट मात्र बहुतांश तसंच राहतं. सोबतची चाचणीपट्टी फक्त मोकळं मोजते, म्हणून ती शून्य दाखवते. शिवाय रेडमध्ये पट्टीवर वाइनचाच रंग चढतो, त्यामुळे तिथे तिचा भरवसा धरू नये.

डोकेदुखीचं म्हणाल तर सल्फाइटवरचा आळच कच्चा आहे. युरोपात कोरड्या रेडला लिटरमागे १५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, कोरड्या व्हाइटला २००. तरी लोक दोष देतात रेडला. केशरी सुक्या जर्दाळूंना तिथे किलोला २००० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे, आणि ते खाऊन डोकं धरून बसलेला कुणी दिसत नाही. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी रेडमधल्या क्वेर्सेटिनवर (द्राक्षातलं एक नैसर्गिक संयुग) संशय घेतला: शरीरात त्याचं जे रूप बनतं, ते ॲसिटाल्डिहाइड मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं, असं प्रयोगशाळेत दिसलं; मग ॲसिटाल्डिहाइड साचून डोकं दुखत असावं, असा त्यांचा अंदाज. या थेंबांनी क्वेर्सेटिनचा बंदोबस्त होत नाही.

सल्फाइटने खरा त्रास होतो तो मुख्यतः दम्याच्या काही रुग्णांना. बांधलेलं सल्फाइट उरत असल्याने त्यांनी तर या बाटलीवर विसंबूच नये.

पेरॉक्साइड उन्हाने, उष्णतेने विघटित होतं. उन्हाळ्यात ओट्यावर ठेवलेली बाटली हळूहळू नुसतं पाणी होते. फ्रिजच्या दारात, झाकण घट्ट लावून ठेवावी. संपल्यावर मेडिकलमधलं जखमेवर लावायचं पेरॉक्साइड वापरायचा मोह टाळा. ते बहुधा ६ टक्क्यांचं, म्हणजे दुप्पट तीव्र असतं, आणि ते पिण्यासाठी बनवलेलं नसतं.

एका कामापुरते थेंब चांगले: नुकत्याच उघडलेल्या स्क्रूकॅपच्या व्हाइटला जळक्या काडीचा वास येत असेल, तर ग्लासला १ थेंब, ढवळून मिनिटभर थांबा. पण तेवढ्यासाठी या बाटलीची किंमत जास्त आहे. ग्लास गोल फिरवत पाच-दहा मिनिटं धीर धरला तरी वास बराच उडतो.