ई-रक्तकोष: यादी चांगलीये, पण फोन केल्याशिवाय निघू नका

फॅमिली ग्रुपवर "अर्जंट बी निगेटिव्ह पाहिजे, फॉरवर्ड करा" असा मेसेज आला की आपण तो न वाचताच अजून चार ग्रुपवर ढकलतो, मग आठवड्याने तोच मेसेज फिरून परत येतो आणि पेशंट तोवर डिस्चार्ज घेऊन घरी पण गेलेला असतो. त्यापेक्षा सरकारचं ई-रक्तकोष उघडा राव. 2016 पासून आहे, आरोग्य मंत्रालयाचं पोर्टल, सी-डॅक या सरकारी कॉम्प्युटर संस्थेने बनवलंय, आणि तरी ब्लड बँकेच्या खिडकीवर उभ्या असलेल्या माणसांना विचारा, नाव पण ऐकलेलं नसतं.

स्टॉक बघायला लॉगिन वगैरे काही लागत नाही. राज्य, जिल्हा, ब्लड ग्रुप आणि कंपोनंट (म्हणजे रक्ताचा कुठला भाग पाहिजे ते) निवडायचा, की जिल्ह्यातल्या रक्तपेढ्यांची यादी येते, सरकारी की चॅरिटेबल की खाजगी ते येतं, फोन नंबर येतो आणि कुठल्या ग्रुपच्या किती पिशव्या आहेत तेही. घोळ होतो तो कंपोनंट निवडताना. डॉक्टरांनी दिलेला फॉर्म नीट बघा, त्यावर पीआरबीसी किंवा पीसीव्ही असेल तर नुसत्या लाल पेशी पाहिजेत, एफएफपी म्हणजे प्लाझ्मा, आणि प्लेटलेट वेगळ्या. होल ब्लड, म्हणजे भाग न केलेलं अख्खं रक्त, टाकून शोधलंत तर यादी रिकामी दिसून उगाच धाबं दणाणेल, कारण आता मोठ्या पेढ्या रक्त घेतलं की त्याचे भाग वेगळे करूनच ठेवतात.

आता खरी मेख. यादीत 'लास्ट अपडेटेड' असा एक रकाना आहे, सगळ्यात आधी तो बघा. आकडे पेढीने भरायचे असतात, त्यामुळे जी पेढी वेळच्या वेळी भरते तिचा आकडा खरा, बाकीच्यांचा रामभरोसे. आत्याच्या खुब्याच्या ऑपरेशनला बी निगेटिव्हच्या दोन पिशव्या लागणार होत्या, एका पेढीच्या नावापुढे स्टॉक दिसत होता म्हणून फोन लावला तर पलीकडून "त्या सकाळीच बुक झाल्या ओ" आणि लगेच पुढे "दोन डोनर घेऊन या, मग बघू काहीतरी". (नाव लिहीत नाही, आणि ही एकाच पेढीची सवय आहे असंही नाही.) यादीतल्या खालच्या एका चॅरिटेबल पेढीत मिळाल्या, तिथे डोनरचा ड पण काढला नाही कुणी.

हे डोनर आणा प्रकरण जरा समजून घ्या. पैसे घेऊन रक्त देणारे डोनर सुप्रीम कोर्टाच्या 1996 च्या निकालानंतर 1 जानेवारी 1998 पासून बंद झाले, त्याच निकालातून राष्ट्रीय आणि राज्य रक्त संक्रमण परिषदा आल्या. 2002 च्या राष्ट्रीय रक्त धोरणात बदली रक्तदाते, म्हणजे पिशवीच्या बदल्यात घरच्यांनी आणलेले डोनर, पण हळूहळू बंद करायचं लिहिलंय. कारण साधं आहे, घरचा माणूस मरणाच्या दारात असताना आणलेला भाऊ किंवा मित्र "मला मागे कावीळ झाली होती" हे डॉक्टरसमोर कशाला बोलेल? आणि कुणीच सापडलं नाही तर मग बाहेर पैसे घेऊन उभा राहणारा सापडतोच. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया या पाच टेस्ट प्रत्येक पिशवीच्या कंपल्सरी आहेत, पण नुकतीच लागण झालेली असेल तर टेस्टमधून सुटू शकते, म्हणून डोनर आपणहून आलेला असलेला बरा.

पैशाचं पण बोलूया. रक्त विकायचं नसतं, फक्त प्रोसेसिंगचा खर्च घ्यायचा. 2022 च्या सुधारित दराने लाल पेशींच्या पिशवीला सरकारी पेढीत 1100 आणि खाजगीत 1550, नॅट टेस्ट (नुकतीच झालेली लागण लवकर पकडणारी जादा टेस्ट) केली असेल तर तिचे वेगळे. थॅलेसेमिया, सिकल सेल, हिमोफिलियावाल्यांना मोफत. हे दर त्या यादीतच पेढीच्या नावासमोर दिसले असते तर काउंटरवरची निम्मी भांडणं मिटली असती, इथे एक स्टार कापला.

पोर्टलचं काम पिशवी कुठे आहे ते सांगण्यापुरतं, पुढचं तुमच्यावर आणि वॉर्डवर. पिशवी हातात आली की लेबल वाचा. ए ग्रुपचं लेबल पिवळं, बी चं गुलाबी, ओ चं निळं, एबी चं पांढरं. पेशंटचा ग्रुप, पिशवीचा नंबर, एक्स्पायरी आणि क्रॉसमॅचच्या (पिशवीतलं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळतं का त्या टेस्टच्या) कागदावरचा नंबर जुळतोय का बघा. लाल पेशी आईस पॅकच्या डब्यातून न्यायच्या, प्लेटलेट मात्र चुकूनही बर्फात नाही, त्या 20 ते 24 डिग्रीला ठेवतात. आत्याच्या वेळी दोन सिस्टर कॉटशी उभ्या राहिल्या, एक पिशवीवरचा नंबर मोठ्याने वाचतेय, दुसरी केस पेपरवर बोट ठेवून जुळवतेय, मग आत्यालाच विचारलं "आजी, पूर्ण नाव सांगा". आत्या वैतागली, "सकाळपासून चौथ्यांदा सांगतेय गं!" वैतागू दे, विचारलंच पाहिजे. चुकीच्या माणसाला चुकीची पिशवी लागते ती बहुतेक वेळा लॅबमध्ये नाही, इथे कॉटशी आणि सॅम्पलच्या बाटलीवर नाव टाकताना. रक्त चालू असताना थंडी, ताप, कंबरदुखी, धाप, काहीही झालं तर लगेच सिस्टरला हाक मारा, पिशवी थांबवतात. अशी रिॲक्शन कळवायला नॉएडाच्या राष्ट्रीय जैविक संस्थेचा हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम 2012 पासून आहे, हॉस्पिटलने फॉर्म भरायचा असतो, भरला का विचारायला लाजू नका.

पाचपैकी साडेतीन. एक स्टार दरांचा गेला, अर्धा शिळ्या आकड्यांचा. मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं कमी, तेव्हा यादीत सगळीकडे शून्य दिसायला लागतं, आणि पुढची शिबिरं कुठे आहेत ते याच पोर्टलवर दिसतं. पुरुषांना तीन महिन्यांनी, बायकांना चार महिन्यांनी परत रक्त देता येतं.