दोन विंडोजपैकी एक काढायची आहे: नोंद पुसावी, पार्टिशन पुसावं की सगळंच नव्याने टाकावं?

कॉम्प्युटर सुरू केला की निळ्या पडद्यावर 'विंडोज १०' आणि त्याखाली पुन्हा 'विंडोज १०'. ३० सेकंद थांबायचं, नाहीतर एंटर मारून पुढे जायचं. कित्येक घरांत आणि दुकानांत हे वर्षानुवर्षं चालतं. मशीन मंदावली म्हणून हार्डवेअरवाल्याने नवी विंडोज दुसऱ्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या भागावर, टाकलेली असते आणि डेटा जाऊ नये म्हणून जुनी तशीच ठेवलेली असते. कुठे नवा एसएसडी बसवलेला असतो आणि जुनी हार्ड डिस्क आतच राहिलेली असते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हा १० च्या शेजारी ११ टाकून बघणाऱ्यांचीही यात भर पडली.

जुनी काढायचं ठरवलं की तीन वाटा दिसतात: मेनूतली नोंद काढणं, जुन्या विंडोजचं पार्टिशन फॉरमॅट करणं, किंवा सगळं साफ करून एकच विंडोज नव्याने टाकणं. पहिल्या दोन वाटा एकच आहेत असं पुष्कळांना वाटतं, आणि घोळ तिथेच होतो. मेनूतली नावं बीसीडी नावाच्या एका छोट्या फाइलमध्ये असतात. २००७ साली व्हिस्टा आली तेव्हापासून ही पद्धत आहे, त्याआधी बूट डॉट आयएनआय असायची. प्रत्यक्ष विंडोज मात्र तिच्या पार्टिशनवरच्या विंडोज फोल्डरमध्ये असते. नोंद काढली तर मेनू जातो, पण डिस्कवर एक एमबीसुद्धा मोकळा होत नाही. उलट फक्त पार्टिशन फॉरमॅट केलं तर जागा मिळते, पण मेनूत ते नाव तसंच राहतं आणि चुकून निवडलं की एरर येते.

म्हणून आधी स्वतःला विचारा: त्रास मेनूचा आहे की जागेचा? मेनूचाच असेल तर पहिली वाट पुरे. पाच मिनिटांचं काम आहे आणि फाइलींना धक्का लागत नाही.

नोंद काढायलाही दोन हत्यारं आहेत. एमएसकॉन्फिग हे विंडोजमधलंच छोटं टूल उघडून बूट (मशीन सुरू होणं) या टॅबवर गेलं की दोन्ही विंडोज दिसतात. जिच्यापुढे 'करंट ओएस' लिहिलेलं असतं ती तुम्ही आत्ता वापरताय ती. दुसरी निवडायची, डिलीट दाबायचं, मशीन रीस्टार्ट करायची. नोंद काढण्याचं धाडस होत नसेल तर तिथेच टाइमआउट ३ सेकंदांवर आणता येतो, तेवढ्यानेही निम्मा त्रास जातो. दुसरं हत्यार बीसीडीएडिट, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये टाइप करायची कमांड. दिसायला ती अवघड वाटते, पण मी तीच वापरतो, कारण आधी 'बीसीडीएडिट /एक्सपोर्ट' करून आख्ख्या यादीची प्रत पेन ड्राइव्हवर ठेवता येते आणि काही बिघडलं तर '/इम्पोर्ट' करून ती परत आणता येते. एमएसकॉन्फिगमध्ये डिलीट केलेलं असं परत येत नाही. मधला मार्ग मला सगळ्यात बरा वाटतो: एक्सपोर्ट कमांडने घ्या, डिलीट एमएसकॉन्फिगमधून करा. सगळंच कमांडने करणार असाल तर पॉवरशेल नको, साधा कमांड प्रॉम्प्ट घ्या. नोंदीचा लांबलचक ओळख क्रमांक महिरपी कंसात असतो आणि पॉवरशेलमध्ये तो अवतरण चिन्हांत न घातल्यास गडबड होते.

ही यादी बदलण्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते बघा. असेल तर सस्पेंड करा आणि ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. बूटमधला बदल दिसला की पुढच्या वेळी मशीन ती की मागू शकते.

आता जागा हवी असणाऱ्यांसाठी, आणि इथे मी जरा थांबणार आहे. मामाच्या डीटीपीच्या दुकानात नव्या एसएसडीवर विंडोज टाकली होती, जुनी हार्ड डिस्क आतच होती. मेनूतली नोंद काढून झाली, आता जुनं पार्टिशन पुसायचं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये (डिस्क आणि पार्टिशन दाखवणारं विंडोजचं टूल) त्यावर राइट क्लिक केलं तर फॉरमॅट आणि डिलीट व्हॉल्यूम दोन्ही करडे, दाबताच येईनात. मी सेटअपच्या पेन ड्राइव्हवरून मशीन चालू केली आणि तिथून ते फॉरमॅट केलं. पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर 'बूटएमजीआर इज मिसिंग'. नवी विंडोज एसएसडीवर धडधाकट होती, पण तिला उठवणाऱ्या फाइली जुन्या डिस्कवर होत्या. विंडोजचा सेटअप असंच करतो: मशीनमध्ये आधीच बूटचं पार्टिशन सापडलं तर नवीन न बनवता त्यातच आपली नोंद घालतो. ते करडे पर्याय म्हणजे विंडोजने दिलेला इशारा होता आणि मी त्याला वळसा घातला.

हे आधी ओळखायचं कसं? डिस्क मॅनेजमेंटमध्ये प्रत्येक पार्टिशनखाली कंसात शब्द असतात. 'बूट' लिहिलंय तिथे आत्ता चालू असलेली विंडोज आहे. 'सिस्टिम' लिहिलंय तिथे बूटच्या फाइली आहेत. नावं उलटी वाटतात, पण मायक्रोसॉफ्टची भाषा अशीच आहे. 'सिस्टिम' हा शब्द जुन्या विंडोजच्या पार्टिशनवर किंवा जुन्या डिस्कवर दिसला तर हात आवरा. आधी बूटच्या फाइली नव्या डिस्कवर न्यायच्या. त्यासाठी बीसीडीबूट ही कमांड आहे. मशीन सुरू करण्याची जुनी पद्धत म्हणजे लेगसी बायोस, नवी म्हणजे युईएफआय. लेगसी बायोसच्या मशीनवर नव्या विंडोजचं पार्टिशन आधी ॲक्टिव्ह करावं लागतं. युईएफआय मशीनवर नव्या डिस्कवर फॅट ३२ चं छोटं ईएफआय पार्टिशन लागतं, साधारण १०० एमबीचं. तुमची मशीन यातली कोणती ते एमएसइन्फो ३२ मध्ये 'बायोस मोड'पुढे लिहिलेलं असतं. मग बूट ऑर्डरमध्ये, म्हणजे मशीन कोणत्या डिस्कवरून आधी सुरू व्हायचं त्या क्रमात, नवी डिस्क वर घ्या, मशीन बंद करून जुन्या डिस्कची केबल काढा आणि मशीन उठते का ते बघा. उठली तरच पुढे जा.

ड्राइव्हच्या अक्षरांवरही विसंबू नका. प्रत्येक विंडोज बहुतेक वेळा स्वतःच्या पार्टिशनला सी म्हणते. जुनी चालू असताना जे सी होतं, ते नवी चालू केल्यावर डी किंवा ई होतं. पार्टिशन ओळखायचं ते आकारावरून आणि नावावरून.

बॅकअप घेताना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स सगळे घेतात. मीही तेवढंच घेतलं होतं. जुन्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट राहिले, आणि लग्नपत्रिकांच्या जुन्या फाइली उघडल्या तर 'चि. सौ. कां.'च्या जागी नुसती चिन्हं. फॉन्टची सीडी कपाटात सापडली, पण ऐन लग्नसराईतले दोन दिवस गेले. तेव्हा फॉन्ट्स, टॅलीचा डेटा फोल्डर, आउटलुकची ईमेल साठवणारी पीएसटी फाइल, ब्राउझरचे बुकमार्क हेही घ्या. पर्मिशन नाही असा निरोप आला तर कंटिन्यू दाबलं की बहुतेक फोल्डर उघडतात.

हे सगळं झाल्यावर डिलीट व्हॉल्यूम करण्यापेक्षा फॉरमॅट करा असं मी सांगेन. फॉरमॅट केलेला ड्राइव्ह लगेच फाइली ठेवायला मिळतो. डिलीट करून ती जागा सी मध्ये मिळवायची तर ती सी च्या लगेच उजवीकडे, चिकटून असावी लागते. मध्ये रिकव्हरी पार्टिशन आलं की एक्स्टेंड व्हॉल्यूम करडा पडतो.

राहिली तिसरी वाट. चालू विंडोजच कुरकुरत असेल, किंवा दोनाच्या तीन विंडोज झाल्या असतील, तर निस्तरत बसण्यापेक्षा सगळं साफ करणं सोपं. त्याच मशीनवर तीच एडिशन टाकली तर डिजिटल लायसन्स नेटला जोडल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं. किंमत वेळेची आहे: बॅकअप, ड्रायव्हर, प्रिंटर, सगळी सॉफ्टवेअरं पुन्हा, म्हणजे एक अख्खा दिवस धरा. चांगल्या चालणाऱ्या मशीनवर मी हे करणार नाही. तिथे आज नोंद काढा, महिनाभर जुन्या पार्टिशनला हात लावू नका, काय काय शोधायला तिथे जावं लागतं ते बघा आणि मग फॉरमॅट करा. पण नव्याने टाकायचंच ठरलं, तर जिच्यावर विंडोज टाकायची तेवढी एकच डिस्क जोडलेली ठेवा. बाकीच्या केबली सेटअप पूर्ण होईपर्यंत काढून ठेवा.