दिवाळ्याचा मासळी बाजार: मासे चितारणाऱ्यांसाठी पाचपैकी पाच

आधीच सांगते, पापलेट कुणाकडे स्वस्त आणि कोलंबी कुणाकडे ताजी यासाठी हा रिव्ह्यू वाचत असाल तर तुमच्या फार कामाचा नाही. मी नेरुळला राहते, गेली तीनेक वर्षं माशांची चित्रं काढते आणि माशांचे ठसे घेते, आणि या छंदासाठी अख्ख्या नवी मुंबईत मला सगळ्यात उपयोगी पडलेली जागा म्हणजे सीबीडी बेलापूरच्या दिवाळे गावातला मासळी बाजार.

सुरुवातीला मी घरबसल्या मागवायचे. एका ॲपवर ऑर्डर देताना स्पष्ट लिहिलं होतं की बांगडा अख्खा हवाय, साफ करू नका, तरी आला तो डोकं उडवून, पर छाटून, पोट फाडून. दोनदा तेच. खाणाऱ्याला काही फरक पडत नाही पण मला तर डोकं आणि परच हवे होते ना! मग शेजारच्या काकू म्हणाल्या, अगं दिवाळ्याला जा सकाळी, आणि मी गेले ती आजपर्यंत जातेच आहे.

रविवारी गर्दी असते म्हणून मी शक्यतो आठवड्यातल्या मधल्या वारी जाते, सकाळी लवकर. लवकर जायचं कारण रंग. मासा बर्फात पडून राहिला की त्याचा रंग उतरत जातो. सकाळी बांगड्याच्या पाठीवर जो निळा-हिरवा झळाळ असतो तो दुपारपर्यंत राखाडी होऊन जातो, राणी माशाचा गुलाबी फिका पडतो. म्हणून मी तिथेच कडेला उभं राहून आधी पेन्सिलने रंगांची नुसती नावं लिहून घेते, पाठ अशी, पोट असं, डोळ्याभोवती पिवळा, आणि पेंटिंग घरी.

पहिल्यांदा गेले तेव्हा एका मावशींच्या पाटीसमोर दहा मिनिटं नुसती बघत उभी होते. त्या म्हणाल्या, "काय पायजे बाय? कापून देऊ?" म्हटलं, "नको मावशी, अख्खाच द्या, मला त्याचं चित्र काढायचंय." त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं, आणि हातातला बांगडा ठेवून पाटीच्या खालून दुसरा काढला, "यो घे, याचं पर बघ कसं हायत." खरंच, एकही पर फाटलेला नव्हता. पाठीवरच्या शेवटच्या पराच्या मागे शेपटीपर्यंत पाच छोटे सुटे पर असतात, खालीही तसेच पाच, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा मोजले. इतकी वर्षं बांगडा खात आले पण कधी दिसले नव्हते. तेव्हापासून त्याच मावशींकडे जाते.

आणि त्यांच्याकडून जे शिकायला मिळालं ते मला कुठल्या पुस्तकात इतकं सोपं करून मिळालं नसतं. पापलेटाला पोटाखालची ती परांची पुढची जोडी, म्हणजे बांगड्याला असते ती, नसतेच, त्यांनी दोन्ही मासे शेजारी शेजारी धरून दाखवलं (2023 पासून पापलेट आपल्या महाराष्ट्राचा राज्य मासा आहे, तेव्हा निदान त्याचं चित्र तरी चुकू नये असं मला वाटतं). बोंबलाचं तोंड उघडून दाखवलं, नुसतं बोट लावलं तर कळतं की दात आतल्या बाजूला वळलेत, आत गेलेलं भक्ष्य बाहेर यायला वाव नाही. एकदा ढोमा साफ करताना डोक्यातून दोन पांढरे खडे काढून माझ्या मुलीच्या हातावर ठेवले. ते कानातले खडे, माशाला तोल सांभाळायला लागतात, आणि झाडाच्या खोडासारखी त्यांच्यात वर्तुळं असतात ज्यावरून शास्त्रज्ञ माशाचं वय मोजतात. ढोमा आणि घोळ एकाच कुळातले, दोघंही पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून आवाज काढतात. घोळीच्या त्याच पिशवीला, कोळी लोक जिला भोत म्हणतात, तिला एवढी किंमत आहे की 2021 मध्ये पालघरच्या मुरब्याला एका बोटीला दीडशेच्या वर घोळी मिळाल्या आणि एक कोटीच्या वर पैसे आले अशी बातमी होती. मुलीने ते दोन खडे कंपासपेटीत ठेवलेत, शाळेत सगळ्यांना दाखवून झालेत.

आता ठशांबद्दल, कारण बरेच जण विचारतात. जपानमध्ये ग्योताकू म्हणून प्रकार आहे, एकोणिसाव्या शतकापासूनचा, पकडलेला मासा केवढा होता याची नोंद म्हणून कोळी माशालाच शाई लावून कागदावर ठसा घ्यायचे. मीठ चोळून माशाचा चिकटपणा काढायचा, नीट पुसायचा, थर्माकोलवर ठेवून पर टाचण्यांनी पसरायचे, तोंडात आणि कल्ल्यात टिशू भरायचा नाहीतर पाणी सुटून ठसा फिसकटतो, मग ब्रशने पातळ शाई आणि वर पातळ हँडमेड कागद, बोटांनी हळूहळू दाबत जायचं. डोळा मात्र ठशात येत नाही, तो नंतर ब्रशने काढायचा. सुरुवात बोईटापासून करा, खवले मोठे असतात, एकेक खवला उमटतो. बोंबलाच्या नादी लागू नका, त्याच्यात पाणीच एवढं की कागद भिजून फाटतो.

मावशींना हे सांगितल्यावर त्यांनी पुढच्या खेपेला माकुळातली शाईची पिशवी न फोडता काढून ठेवली होती, पैसे घेतले नाहीत. सेपिया रंग म्हणतात ना, ते नावच माकुळाच्या जातीवरून आलंय. शाई घट्ट होती, थोडं पाणी घालून बांगड्याला लावली, ठसा गडद तपकिरी आला, सुंदर, आणि मग तोच बांगडा धुऊन संध्याकाळी तळला. पोस्टर कलर लावलेला मासा फेकावा लागायचा आणि मला त्याचं फार वाईट वाटायचं, तो प्रश्न मावशींनी सोडवला.

लेप नावाच्या चपट्या माशाने मात्र मला महिनाभर छळलं. माशांच्या शास्त्रीय चित्रांत डोकं डावीकडे काढायची पद्धत आहे, फ्रान्सिस डे या मद्रासच्या डॉक्टरने 1875 ते 1878 मध्ये भारतातल्या माशांवर जो मोठा ग्रंथ काढला त्यातही तसंच दिसतं. आता ठसा उलटा येतो, आरशासारखा, म्हणून बांगड्याच्या उजव्या अंगाला शाई लावली की ठशात डोकं बरोबर डावीकडे. पण लेपाचे दोन्ही डोळे एकाच अंगाला, डाव्या! पिल्लू असताना दोन बाजूंना दोन असतात, मग वाढताना उजवा डोळा सरकत सरकत डोक्यावरून डावीकडे येतो आणि मासा उजव्या अंगावर तळाशी पडून राहतो. म्हणजे शाई डाव्याच अंगाला लावणं भाग, आणि ठशात तो उजवीकडे डोळे असलेला मासा दिसणार, जो आपला लेप नाहीच. तीन ठसे चांगले आले होते, तिन्ही मी बाजूला ठेवून दिले. शेवटी दुसरी पद्धत केली, कागद ओला करून माशावर चिकटवायचा, तो थोडा वाळला की कापसाच्या बोळ्याने वरून रंग टिपत जायचं. शाई माशाला लागतच नाही आणि चित्र सुलट येतं. त्याला दोन तास लागले पण डोळे जिथल्या तिथे आले.

जाणार असाल तर थोडं सांगते. बेलापूर स्टेशनवरून रिक्षा मिळते. चप्पल धुता येईल अशी घाला, सोबत डबा न्या, पिशवीत पर मोडतात. मावशींची भवानी व्हायच्या आधी वही काढून समोर उभं राहू नका, फोटो विचारून काढा, आणि काहीतरी विकत घ्याच, त्यांची जागा आणि वेळ दोन्ही आपण घेतो. मी सहसा एक वाटा बांगडे घेते, एक चित्रासाठी, बाकी घरासाठी. लहान पिल्लं मात्र चित्रासाठीसुद्धा मागू नका, मावशी स्वतःच म्हणतात की बारकं पापलेट आज काढलं तर उद्या मोठं कुठून येणार. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते पण तेव्हाही जाऊन बघा, खाडीतला माल असतो, चिंबोऱ्या, बोईट, आणि नशीब असेल तर निवट्या. निवटीचे डोळे डोक्याच्या वर फुगलेले असतात आणि पुढच्या परांवर ती चिखलात चालते, जिवंत मिळाली तर उड्या मारते, स्केच करायला वेळच देत नाही. मी पाच पानं खराब केली, सहाव्यावर नुसते डोळे आले.

परवा लेपाचं चित्र मावशींना नेऊन दिलं. त्यांनी ओले हात पदराला पुसले, लांब धरून बघितलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "लेप हाय गो, डोलं बघ." मग मला म्हणाल्या, शुक्रवारी ये, वाम आली तर ठेवते.