सीसाचा घरबसल्या अभ्यास: घेतलं चार, वापरलं दोन

इसाका या संस्थेची सीसा, म्हणजे संगणक-यंत्रणांचं ऑडिट करणाऱ्यांसाठीची परीक्षा, द्यायचं ठरलं त्याच आठवड्यात मी चार गोष्टी घेऊन टाकल्या: रिव्ह्यू मॅन्युअलची २८वी आवृत्ती, इसाकाचाच ऑनलाइन प्रश्नसंच, एक व्हिडिओ कोर्स आणि कुठल्याशा साइटवरचं मॉक टेस्टचं पॅकेज. सात महिन्यांनी परीक्षेला बसले तेव्हा त्यातल्या दोनच वापरात होत्या.

माझी नोकरी सिस्टिम अ‍ॅडमिनची. ऑडिटशी संबंध एवढाच, की ऑडिटर आले की त्यांना हवे ते स्क्रीनशॉट काढून द्यायचे. हे सांगायला हवं, कारण ज्याने आधी ऑडिट केलंय त्याला बहुधा वेगळं साहित्य पुरेल.

मॅन्युअल मी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं आणि गव्हर्नन्सच्या, म्हणजे आयटीच्या कारभाराच्या भागात तीन आठवडे रुतून बसले. पानं संपत होती, डोक्यात काही राहत नव्हतं. ते सलग वाचायचं पुस्तकच नाही, हे उशिरा कळलं. नंतर क्रम उलटा केला. आधी प्रश्न सोडवायचे, जिथे अडेल तिथे मॅन्युअल उघडायचं. आरटीओ (रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह) आणि आरपीओ (रिकव्हरी पॉइंट ऑब्जेक्टिव्ह) मी तोवर सर्रास एकमेकांच्या जागी वापरत होते. एक सांगतो यंत्रणा किती वेळात परत उभी राहायला हवी, दुसरा सांगतो किती काळाचा डेटा गेला तरी चालेल. एक प्रश्न चुकल्यावर ते अर्धं पान वाचलं आणि पुन्हा कधी चुकलं नाही.

खरा अभ्यास झाला तो प्रश्नसंचावर. हजारेक प्रश्न आहेत, पण आकड्यापेक्षा मोलाचं हे, की प्रत्येक पर्याय का बरोबर, का चूक, हे खाली लिहिलेलं असतं. सुरुवातीला मी बरोबर उत्तराचंच स्पष्टीकरण वाचून पुढे जायचे. मग लक्षात आलं की माझे प्रश्न माहिती नाही म्हणून चुकत नव्हते, खुर्ची चुकत होती म्हणून चुकत होते. उदाहरणार्थ, असा प्रकार: नोकरी सोडून गेलेल्या काही जणांची लॉगिन अजून चालू आहेत, ऑडिटरने सर्वात आधी काय करावं? माझा हात सरळ ‘लॉगिन बंद करावीत’वर. रोजचं कामच ते! पण ऑडिटर सिस्टिमला हात लावत नाही. त्याने आधी पाहायचं, की माणूस गेल्यानंतर ती लॉगिन वापरली गेली का, कारण फाइंडिंग, म्हणजे ऑडिटमध्ये सापडलेली त्रुटी, किती गंभीर आहे ते त्यावर ठरतं. प्रश्नातले फर्स्ट, बेस्ट, मोस्ट हे शब्द मोठ्या अक्षरांत छापतात ते उगाच नाही. चारपैकी तीन पर्याय बऱ्याचदा योग्यच असतात, फक्त त्यांची पाळी आलेली नसते.

प्रश्नसंचात एक खोच आहे. दुसऱ्या फेरीत मला ८८ टक्के पडले आणि मी खूश झाले. पण ती समज नव्हती, पाठांतर होतं. काही प्रश्नांची तर पहिली ओळ वाचूनच उत्तर आठवत होतं. तिसऱ्या फेरीत पर्याय झाकून, उत्तराचं कारण आधी वहीत एका ओळीत लिहायला लागले. वेग निम्म्यावर आला, गुणही घसरले, पण आता ते खरे होते.

व्हिडिओ कोर्सबद्दल थोडक्यात: आवाज छान, अभ्यासक्रम जुना. ऑगस्ट २०२४ पासून वेटेज, म्हणजे अभ्यासक्रमाच्या पाच भागांचा (डोमेनचा) परीक्षेतला वाटा, बदललंय. पहिलं डोमेन २१ वरून १८ टक्क्यांवर आलं, चौथं २३ वरून २६ वर गेलं. कोर्समध्ये अजून जुनेच आकडे होते आणि हे मला दुसऱ्या महिन्यात कळलं. काही विकत घेण्याआधी तेवढं एक पान तपासा. चौथं आणि पाचवं मिळून ५२ टक्के होतात, तिसरं फक्त १२. मी तिसऱ्यावर प्रमाणाबाहेर वेळ घालवला.

मॉक टेस्टचं पॅकेज मात्र सपशेल वाया गेलं. स्पष्टीकरण नाही, आणि एका ठिकाणी एकाच प्रश्नाची दोन टेस्टमध्ये दोन वेगळी उत्तरं. तिथेच बंद केलं.

परीक्षेत १५० प्रश्न, चार तास. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही रिकामा सोडायचा नाही. पहिली फेरी दोन तास चाळीस मिनिटांत झाली, ३१ प्रश्नांवर खूण केली होती, त्यातली चारच उत्तरं बदलली. पास व्हायला २०० ते ८०० च्या पट्टीवर ४५० लागतात. हे टक्के नव्हेत, त्यामुळे प्रश्नसंचातल्या टक्क्यांवरून त्याचा हिशेब मांडत बसू नका. मी मांडला होता, रात्री बाराला, कॅल्क्युलेटर घेऊन.

पास झाले. पण प्रमाणपत्रासाठी पाच वर्षांचा अनुभव लागतो, काही सवलती धरूनही माझा कमी पडतो. पास झाल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करायचा असतो, तेवढी मुदत आहे. म्हणून मॅन्युअल कुणाला दिलेलं नाही, ऑफिसच्या टेबलावरच आहे. परवा ऑडिटर आले तेव्हा त्यांनी मागायच्या आत गेलेल्या लोकांच्या लॉगिनची यादी काढून ठेवली होती.