सारकॉइड: मलम की लेसर?

माझ्या घोडीच्या तंगाच्या (खोगिराच्या पोटाखालून जाणाऱ्या पट्ट्याच्या) जागेवर, पुढच्या पायामागे, सारकॉइड होता, म्हणजे घोड्यांच्या कातडीवर येणारी एक गाठ. आधी मलम लावलं, नंतर लेसर करून घेतलं. ज्यांना आता यातलं एक निवडायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझा अनुभव एकाच घोडीचा आहे, हे ध्यानात ठेवूनच वाचावं.

दोन्हींतला पहिला फरक निदानात पडतो. सारकॉइडचा संबंध गायीगुरांच्या पॅपिलोमा विषाणूशी (मुख्यतः प्रकार १ आणि २) आहे. तो आतल्या अवयवांत पसरत नाही, पण कातडीत मुळं धरतो आणि डिवचलेलं त्याला खपत नाही. तपासणीसाठी नुसता तुकडा काढला तर शांत डाग चवताळू शकतो, म्हणून बरेच डॉक्टर नजरेनेच ओळखतात आणि मलम सुरू करतात. आमचंही तसंच झालं. लेसरमध्ये मात्र अख्खी गाठ कडेच्या निरोगी कातडीसकट निघते आणि प्रयोगशाळेत जाते. गाठ कसली होती आणि कडा स्वच्छ आहेत का, दोन्ही कळतं. त्या अहवालाने मला जी झोप लागली ती मलमाच्या महिन्यांत लागली नव्हती. (वयाबरोबर पांढऱ्या होत जाणाऱ्या घोड्याच्या शेपटीखाली काळ्या गाठी असतील तर तो बहुधा मेलानोमा, म्हणजे रंगपेशींची गाठ, असतो. ही तुलना त्याला लागू नाही.)

मलमाची बाजूही खरी आहे. आम्ही वापरलं ते इमिक्विमॉड, ५ टक्क्यांचं, माणसांच्या चामखिळींसाठीचं. ते शरीराच्याच प्रतिकारशक्तीला जागं करतं. भूल नाही, टाके नाहीत, घरच्या घरी होतं. लहान, सपाट डागाला मी आजही आधी हेच सुचवेन.

पण ते दिवसाआड लावायचं, तेही महिनोन्महिने, आणि दर वेळी आधीची खपली भिजवून, धुऊन काढायची. गाठ सुजते, लाल होते, पाझरते. औषध लागू पडत असल्याची ती खूण, पण घोडीला हे कोण सांगणार? तिसऱ्या आठवड्यात ती हातमोजे बघून मागे सरायला लागली. पाचव्यात मी रिकाम्या हाताने गेलो तरी कान मागे पाडायची. खरारा करताना पोटाखाली हात गेला की कातडी थरथरायची. जी घोडी माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी राहायची ती मला पाहून तोंड फिरवू लागली, आणि माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला. गाठ थोडी लहान झाली होती, हेही सांगायला हवं.

लेसर उभ्यानेच झालं, गुंगीचं औषध आणि जागेपुरती भूल देऊन. जखम उघडीच ठेवतात, ती आतून भरत येते. आम्हाला सात आठवडे लागले. रोज धुणं, माश्यांपासून जपणं, तंग न बांधणं हे सगळं आलंच. पण धुतलं तरी ती उभी राहायची, कारण पाण्याने आग होत नव्हती. तिथे आता पांढऱ्या केसांचा ठिपका आहे.

लेसरनंतरही सारकॉइड परत येऊ शकतो, आणि खर्च एकदम अंगावर येतो. गाठ पापणीवर असेल तर मलम आणि लेसर दोन्ही बाजूला ठेवून डॉक्टरांशी बीसीजीच्या इंजेक्शनांबद्दल किंवा किरणोपचारांबद्दल बोलावं. बाकी जागी, गाठ सुपारीएवढी झाली असेल आणि घोडा हात लावू देण्याच्या बाबतीत हळवा असेल, तर मी मलमात महिने घालवणार नाही. आमच्या घोडीने खांद्यावर पुन्हा हनुवटी टेकवली ती जखम भरल्यानंतर दोन महिन्यांनी.