घरचं वायफाय आणि घरातले सगळे फोन नव्याने लॉक केले, आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बरेच दिवस लिहायचं होतं पण म्हटलं आधी नीट वापरून बघू, दोन आठवड्यांत लिहिलेल्या अनुभवाला काही अर्थ नसतो. आता आठ महिने झालेत. हा कुठल्या एका फोनचा किंवा राउटरचा रिव्ह्यू नाहीये, घरातल्या वायफायची सिक्युरिटी एकदा मुळापासून बदलली त्याचा आहे, म्हणजे काय टिकलं, कशाने डोक्याला ताप झाला आणि काय मी परत बंद करून टाकलं.

सुरुवात अशी झाली. रात्री दहानंतर नेट एकदम रेंगाळायचं, व्हिडिओ कॉलवर समोरचा माणूस अर्ध्या वाक्यात गोठायचा. नेटवाल्यांकडे दोनदा तक्रार केली, त्यांनी लाइन ओके आहे म्हणून सांगितलं आणि ती खरंच ओके होती. मग एका रात्री राउटरचं पान उघडून जोडलेल्या डिव्हाइसची यादी बघितली तर चौदा ओळी. घरातले फोन, लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर सगळं मोजलं तरी नऊच्या वर जाईना. बायको आणि मी एकेक वस्तू बंद करत गेलो आणि यादीतून कुठली ओळ गळते ते कागदावर लिहीत गेलो, शेवटी फक्त माझा लॅपटॉप चालू राहिला तरी पाच ओळी तशाच होत्या आणि त्यातल्या एकीसमोरचा डेटाचा आकडा आमच्या डोळ्यांदेखत वाढत होता. पोटात गोळा आला खरं सांगतो.

तेव्हा केलं ते सगळे करतात तेच, त्या पाचही जणांचे मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे प्रत्येक डिव्हाइसचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक, ब्लॉक केले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यातले दोन परत हजर, नवा अ‍ॅड्रेस घेऊन. हे कसं होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, फोन प्रत्येक नेटवर्कला स्वतःचा खरा मॅक न देता बनवलेला देतो, आयफोनमध्ये हेच २०२० मध्ये आयओएस १४ बरोबर आलं. सेटिंगमध्ये एक पर्याय बदलला की ब्लॉक झालेला फोन वेगळ्या पत्त्याने परत आत. ओळखायची खूण सांगतो, मॅक अ‍ॅड्रेसचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर समजा तो फोनने तयार केलेला पत्ता आहे, कारखान्यातला नाही. त्यामुळे मॅक फिल्टर लावलाय म्हणजे आपण सुरक्षित, असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. मी तो प्रकार तिसऱ्या दिवशी काढून टाकला.

आता पासवर्ड. आमचा पासवर्ड होता घरातल्या एकाचा दहा आकडी मोबाइल नंबर. लक्षात राहतो, पाहुण्यांना सांगायला सोपा. पण फोन आणि राउटर जोडले जाताना चार मेसेजची देवाणघेवाण होते, डब्ल्यूपीए२ या वायफायच्या जुन्या सुरक्षा पद्धतीत ती जवळपास बसलेला कोणीही हवेतून पकडू शकतो आणि नंतर निवांत स्वतःच्या कॉम्प्युटरवर एकेक पासवर्ड लावून ताडून बघू शकतो, राउटरला पत्ताही लागत नाही. त्यासाठी तुमचा फोन पुन्हा जोडला जाण्याची वाट बघत बसावं लागत नाही, कारण कनेक्शन तोडायचा खोटा संदेश पाठवून फोनला बाहेर काढता येतं, तो लगेच परत जोडतो आणि तेवढ्यात काम होतं. दहा आकडे म्हणजे सगळ्या मिळून एक हजार कोटी शक्यता, ऐकायला प्रचंड वाटतं पण चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला लाखो पासवर्ड तपासतं, म्हणजे काही तासांचं काम. नंबर कोणाचा हे माहीत असेल तर तेवढंही नाही.

आमच्याकडे मात्र कोणी काही तोडलंच नव्हतं. शेजारचा मुलगा परीक्षेच्या दिवसांत आमच्याकडे अभ्यासाला यायचा, त्याला मीच पासवर्ड दिलेला. त्याने मित्राला दिला, मित्राने अजून एकाला. कसा, तर फोनमध्ये वायफायच्या नावाखाली शेअरचं बटण असतं, दाबलं की क्यूआर कोड येतो, समोरच्याने स्कॅन केला की जोडला गेला, आणि आता तोही तसाच पुढे देऊ शकतो. बटण दाबल्यावर फोन बोटाचा ठसा किंवा पिन मागतो, पण तो ज्याच्या हातात फोन आहे त्याचा, घराच्या मालकाला कोण विचारतंय. आणि एक गोष्ट मी स्वतः करून बघितली, तो कोड साध्या स्कॅनरने उघडला तर आत नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड जसाच्या तसा, अक्षर न् अक्षर वाचता येतो. कोणी त्या कोडचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला की संपलं. मुलाच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याला विचारल्यावर त्याने लगेच सांगितलं, मला त्याचा राग नाही आला. पण त्या रात्री मला कळलं की पासवर्ड एकदा दिला की तो परत घेता येत नाही, बदलावाच लागतो, आणि बदलायचा म्हणजे घरातली एकूण एक वस्तू परत जोडायची, म्हणूनच लोक वर्षानुवर्षं बदलत नाहीत. आम्हीही चार वर्षं नव्हता बदलला.

लोक म्हणतात फुकट नेट वापरलं तर वापरलं, त्यात काय एवढं. प्रश्न फक्त डेटाचा नाहीये हो. डब्ल्यूपीए२ मध्ये सगळ्यांचा पासवर्ड एकच, त्यामुळे पासवर्ड माहीत असलेल्या माणसाने तुमच्या फोनचे ते जोडणीचे चार मेसेज पकडले तर तुमच्या फोनचं त्या वेळचं वायफायचं कुलूप तो उघडू शकतो. शिवाय तो आत आहे म्हणजे राउटरचं अ‍ॅडमिन पान त्याच्यासमोर आहे, आणि आमच्या राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता. तिथे जाऊन कोणी डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) बदलला तर तुम्ही टाइप केलेल्या नावाला भलताच पत्ता मिळू शकतो. आमचा बदललेला नव्हता, पण ते तपासेपर्यंतची दहा मिनिटं मी विसरणार नाही.

मग जे केलं ते असं. मेन नेटवर्क डब्ल्यूपीए३ वर, म्हणजे डब्ल्यूपीए२ नंतरच्या नव्या पद्धतीवर, टाकलं, पासवर्ड मोठा, पाच असंबद्ध शब्द आणि मध्ये आकडे. डब्ल्यूपीए३ २०१८ मध्ये आलं आणि त्यात दोन गोष्टी मला पटल्या. एक म्हणजे जोडणीचे मेसेज पकडून घरी बसून पासवर्ड ताडत बसणं चालत नाही, प्रत्येक अंदाजासाठी राउटरशीच बोलावं लागतं. दुसरी म्हणजे कनेक्शन तोडणारे खोटे संदेश फोन मानत नाही, ते संरक्षण इथे सक्तीचं आहे. हेही अगदी निर्दोष नाही, २०१९ मध्ये मॅथी व्हॅनहोफ आणि एयल रोनेन या दोन संशोधकांनी त्यातल्या त्रुटी दाखवल्या होत्या आणि मग दुरुस्त्या आल्या. याच व्हॅनहोफने २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ मधली क्रॅक नावाची त्रुटी उघड केली होती, ज्यात अँड्रॉइड ६ चे फोन सर्वात वाईट सापडले होते कारण त्यांच्यात चक्क सगळी शून्यं असलेली किल्ली बसवता येत होती. म्हणून अपडेट न मिळणारा फोन मी आता मेन नेटवर्कवर घेतच नाही.

वापराचं म्हणाल तर फोनवर काहीच फरक जाणवला नाही, स्पीड तोच, बॅटरी तीच, घरी आल्यावर जोडायला लागणारा वेळ तोच. त्रास दिला तो जुन्या वस्तूंनी. प्रिंटरला डब्ल्यूपीए३ दिसतच नव्हतं, बाबांच्या जुन्या फोनलाही नाही. राउटरमध्ये दोन्ही एकत्र चालणारा मिक्स मोड असतो, तो लावला तर फोन जोडला गेला पण प्रिंटर दर दोन दिवसांनी गळून पडायचा. आणि मिक्स मोडमध्ये पासवर्ड दोन्हीकडे एकच, म्हणजे जुन्या वस्तूमार्फत तोच पासवर्ड जुन्या पद्धतीने ताडता येतो, मग डब्ल्यूपीए३ चा अर्धा फायदा गेलाच की. महिनाभर झटापट करून मी तो नाद सोडला आणि गेस्ट नेटवर्क चालू केलं, डब्ल्यूपीए२ वर, वेगळ्या पासवर्डचं. प्रिंटर, टीव्ही, बाबांचा फोन आणि येणारे-जाणारे सगळे तिकडे.

या आठ महिन्यांत सगळ्यात उपयोगी पडलं ते हे गेस्ट नेटवर्कच. त्यातल्या वस्तू मेनमधल्या वस्तूंपर्यंत पोचत नाहीत, पासवर्ड महिन्याला बदलला तरी मेनला धक्का लागत नाही, आणि कोणी मागितला तर देताना मनात धाकधूक नाही. तोटाही आहे, फोन मेनवर आणि टीव्ही गेस्टवर असेल तर फोनचा व्हिडिओ टीव्हीवर टाकता येत नाही, प्रिंट काढायची तर फोन गेस्टवर न्यावा लागतो. बायकोला याचा सुरुवातीला वैताग आला होता आणि तिचं बरोबर होतं, पहिल्या दोन महिन्यांत प्रत्येक प्रिंटला मला हाक यायची. काही राउटरमध्ये गेस्टवाल्यांनाही एकमेकांपासून वेगळं ठेवायचं सेटिंग असतं, ते चालू केलं तर प्रिंट अजिबातच निघत नाही म्हणून मी ते बंद ठेवलंय.

डब्ल्यूपीएस, म्हणजे वायफायचा पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडायची सोय, पहिल्याच दिवशी बंद केलं. आठ आकडी पिन असते, राउटर ती दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, त्यामुळे दहा कोटींऐवजी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडते. ही गोष्ट २०११ मध्येच जाहीर झालीये आणि तरी आमच्या राउटरमध्ये ते आपोआप चालू होतं. नेटवर्कचं नाव लपवणं पण करून बघितलं, चार दिवसांत काढलं, कारण लपवलेल्या नेटवर्कसाठी फोनच बाहेर फिरताना नाव घेऊन हाका मारत सुटतो.

आता फोनचं, कारण खरा धडा मला तिथे मिळाला. तिसऱ्या महिन्यात प्रवासात होतो, फोन बॅगेत, बाहेर काढला तर वायफायला जोडलेला. नाव होतं दोन वर्षांपूर्वी उतरलेल्या हॉटेलच्या नेटवर्कचं, आणि ते हॉटेल तिथून शेकडो किलोमीटर लांब! एकाच नावाचं दुसरं नेटवर्क असेल किंवा कोणी मुद्दाम लावलं असेल, मला सांगता येणार नाही, पण माझ्या फोनला त्याने काहीच फरक पडला नव्हता. पासवर्ड नसलेल्या नेटवर्कला फोन फक्त नावावरून ओळखतो, आणि नाव तर कोणीही काहीही ठेवू शकतं. तिथेच बसून सेव्ह केलेल्या नेटवर्कची यादी उघडली, एकाहत्तर नावं निघाली. स्टेशनं, दवाखाने, लग्नाचे हॉल, कधी काळचं ऑफिस. एकेक करून पुसली, आठ ठेवली, आणि त्या आठांपैकी घर सोडून सगळ्यांचं ऑटो कनेक्ट बंद केलं. आयफोनवाल्यांना ही पूर्ण यादी आयओएस १६ पासून बघता येते, त्याआधी लांबचं नेटवर्क पुसायला सगळं नेटवर्क सेटिंगच रिसेट करावं लागायचं. हे काम पंधरा मिनिटांचं आहे आणि राउटरला हात लावायच्या आधी करा असं मी सांगेन.

व्हीपीएन, म्हणजे फोनचा सगळा ट्रॅफिक कुलूपबंद करून दुसऱ्याच्या सर्व्हरमार्फत नेणारी सेवा, चार महिने वापरलं, पैसे देऊन, मग बंद केलं. २०१० मध्ये फायरशीप नावाचं ब्राउझरचं एक्स्टेंशन आलं होतं, त्याने उघड्या वायफायवर शेजारी बसलेल्याचं लॉगिन उचलता यायचं, त्या काळात व्हीपीएन हवंच होतं. आता बहुतेक साइट आणि अ‍ॅप एचटीटीपीएसवर आहेत, आतला मजकूर तसाही कुलूपबंद असतो. त्यात सार्वजनिक वायफायचं लॉगिन पान व्हीपीएन चालू असताना उघडायचंच नाही, दर वेळी बंद करा, लॉगिन करा, परत चालू करा. फुकटच्या व्हीपीएनच्या तर वाटेलाच जाऊ नका, वायफायवाल्यापासून लपवून सगळा ट्रॅफिक अनोळखी माणसाच्या हातात देण्यात काय हशील. बाहेर असताना मी आता स्वतःचा मोबाइल डेटाच वापरतो, लॅपटॉपला हॉटस्पॉट. हॉटस्पॉटचं नाव बदललं, त्यात माझं पूर्ण नाव दिसायचं, आणि कोणी जोडलेलं नसेल तर आपोआप बंद व्हायचं सेटिंग चालू केलं. आणि ब्राउझरने सर्टिफिकेटची, म्हणजे साइट खरी असल्याची खात्री पटत नसल्याची, वॉर्निंग दाखवली की सरळ वायफाय बंद, पुढे जा वर बोट ठेवायचं नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

जमलं नाही ते एकच, राउटरचं अपडेट. आमच्या मॉडेलला तीन वर्षांपासून काही आलेलं नाही आणि कंपनीकडून उत्तरही नाही. दोनदा मेल केला. हा राउटर या वर्षात बदलणार आहे, आणि नवा घेताना स्पीडच्या आकड्याआधी अपडेट किती वर्षं देणार हे विचारणार आहे.

यादी मी अजून दर रविवारी उघडतो. मेनवर सहा, गेस्टवर तीन किंवा चार, प्रत्येक ओळीला मी ओळखीचं नाव देऊन ठेवलंय त्यामुळे नवीन काही आलं की लगेच डोळ्यात भरतं. चौथी ओळ शेजारच्या मुलाची असते, तो अजूनही अभ्यासाला येतो. गेल्या महिन्यात त्याला शेजारी बसवून त्याच्या फोनमधली यादी त्याच्याकडूनच साफ करून घेतली, एकशे बारा नावं होती, त्यात आमचं जुनं नेटवर्कही होतं.